एकाही फोटोत नसलेली ढाल

मित्रांनो, मी ढाल आहे. पण तलवारीच्या जोडीला असते ती नव्हे. माझ्यावर कधी कुणी वार केला नाही आणि मीही कधी कुणाला वाचवले नाही. मी फुटबॉलची फिरती ढाल आहे. स्पर्धा जिंकणाऱ्या संघाने मला वर्षभर मिरवायचे आणि पुढच्या वर्षी परत आणून द्यायचे, एवढेच माझे काम. हुबळीच्या गोकुळ रोडवर एका लेथच्या कारखान्यामागे गोकुळ युनियन क्लबाची खोली आहे. तिथल्या कपाटात मी राहते. समोरच्या भिंतीवर फोटो लावलेले आहेत. त्या फोटोंवर मी जळते. आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढे मी काही वाकडे बोलले तर तुम्हांला नवल वाटणार नाही.

माझा जन्म धारवाडचा. तिथल्या एका सुताराने चांगल्या सागवानातून मला कापले, पॉलिश केले आणि मधोमध पितळेचा एक खेळाडू बसवला. तो खेळाडू ज्याने ठोकून घडवला त्याने जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. त्यामुळे माझ्या छातीवरचा गडी चेंडू मारतो आहे की नारळ फोडतो आहे, हे अजून कुणाला नीट सांगता आलेले नाही. हुबळीच्या एका कापूस व्यापाऱ्याने वडिलांच्या स्मरणार्थ मला बनवून घेतले होते. खेळाडूच्या भोवती चांदीच्या पट्ट्या लावायला जागा ठेवली होती. जिंकणाऱ्या संघाचे नाव पट्टीवर कोरायचे. मात्र ती जिंकल्याच्या दिवशी लावायची नाही, असा नेम होता. वर्षभराने ढाल परत करायला आले, की स्पर्धेच्या समितीसमोर ती ठोकायची. ढाल नीट सांभाळली, याची ती पोचपावतीच म्हणा ना. हा नेम पुढे आमच्या अंगाशी येणार आहे, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

सुरुवातीची वर्षे माझी मजेत गेली. कधी बेळगावला राहिले, कधी गदगला; पण सगळ्यांत जास्त राहिले ती धारवाडच्या मळमड्डीत. मळमड्डीचा संघ तेव्हा जोरात होता. त्या लोकांनी मला तिपाईवर भरतकामाचा रुमाल घालून बसवले. पाहुणा आला की आधी पाणी, मग मी आणि मग चहा. तिथल्या क्लबाचे सगळे बघणारे प्रभंजनमास्तर शाळेत भूगोल शिकवत. संध्याकाळी ते यायचे, माझ्यावर तोंडाची वाफ सोडायचे आणि खिशातल्या रुमालाने एकेक पट्टी पुसायचे. पट्टीवर स्वतःच्या संघाचे नाव आले की जरा जास्तच वेळ घासायचे. मला ते फार आवडे. कौतुक कुणाला नको असते?

गोकुळ युनियनची तऱ्हा वेगळी. लेथवाले, वेल्डर, सुट्या भागांचे दुकानदार यांचा तो संघ. दरवर्षी स्पर्धेला यायचा आणि दरवर्षी हरायचा. कधी पहिल्याच सामन्यात, कधी उपांत्य फेरीत आणि बरेचदा मळमड्डीकडूनच. पण त्यांच्यामागे येणारी माणसे मात्र कधी कमी झाली नाहीत. मैदानाच्या दगडी पायऱ्या ती भरून टाकत. स्पर्धा चालू असताना मला कडेच्या टेबलावर मांडून ठेवत. तिथूनच मी दत्तात्रयला पहिल्यांदा पाहिले.

सगळे त्याला दत्तूअण्णा म्हणत. गोकुळ रोडवर त्याचे बेअरिंग आणि यंत्रांच्या पट्ट्यांचे दुकान होते. सामना असला की तो दुकान बायकोवर, मालतीवर, सोपवून गळ्यात कॅमेरा अडकवून हजर. आधी त्याने खेळाचेच फोटो काढून पाहिले. धुऊन आले तेव्हा त्यांत खेळाडू मुंगीएवढे दिसत होते आणि चेंडू तर कुठे नव्हताच. एवढ्या लांबचे टिपण्याची त्या कॅमेऱ्याची ताकद नव्हती. मग दत्तूअण्णाने सरळ मैदानाकडे पाठ केली आणि पायऱ्यांवरच्या माणसांकडे कॅमेरा वळवला. तेव्हापासून तो त्यांचेच फोटो काढू लागला.

त्यातून एक खूळ निघाले. एकदा संघ जिंकल्यावर त्याने सगळ्यांचा हसरा फोटो काढला आणि पुढचे तीन सामने संघ सपाटून हरला. एकदा हरल्यावर रडक्या चेहऱ्यांचा काढला, तर पुढच्याच सामन्यात जिंकला. झाले. पायऱ्यांवर ठरून गेले, की हरल्याचा फोटो काढला म्हणजे वाईट नशीब त्या फोटोत अडकते आणि पुढे येत नाही. जिंकल्यावर मात्र काढायचा नाही, नाहीतर चांगले नशीबही त्यातच अडकून पडेल. मग प्रत्येक हारीनंतर सगळे पायऱ्यांवरच थांबत. हातात चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचे कागद, तोंडात मिरची आणि चेहऱ्यावर सुतक. दत्तूअण्णा खाली उभा राहून फोटो काढी. मळमड्डीने हरवले असेल त्या दिवशी प्रभंजनमास्तर मुद्दाम तिकडे जाऊन त्या घोळक्याच्या कडेला उभे राहत आणि दात काढून हसत.

हे सारे माझ्या टेबलापासून दहा पावलांवर चाले. मी तिथे चकचकीत होऊन बसलेली. ज्या वस्तूसाठी हा सगळा खटाटोप, ती मी. आणि हा माणूस एकदा तरी वळून माझा फोटो काढेल? छे! त्याला गिरमिट खाणारी तोंडे हवीत. एखाद्याचा शर्ट फाटलेला, एखाद्याच्या कपाळावर ग्रीसचा डाग, एखादा मागे तोंड फिरवून डोळे पुसणारा. सगळे त्याला चालत होते. मीच तेवढी चालत नव्हते. माझ्या पितळेला आतून आग लागत असे, मित्रांनो.

आणि मग एका वर्षी नवल घडले. गोकुळ युनियन अंतिम सामन्यात आली. समोर मळमड्डीच. शेवटची काही मिनिटे उरली असताना गोकुळच्या एका वेल्डरने डोक्याने गोल केला आणि पायऱ्यांवरची माणसे खाली कोसळत मैदानात शिरली. मला कुणी उचलले ते कळलेच नाही. मी डोक्यांवरून, खांद्यांवरून जात होते. कुणी माझे मुके घेत होते. ग्रीसचे हात, घामाचे हात, सगळे मला लागत होते आणि त्या गलक्यात मी एकालाच शोधत होते. आता तरी, म्हटले, आता तरी.

दत्तूअण्णा माझ्यासमोर आला. त्याचे डोळे भरले होते. कुणीतरी ओरडले, "अण्णा, काढ की एक!"

"नको रे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीबी जिंकायचं हाय न्हवं?" आणि त्याने कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपी घातली.

तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

पुढचे वर्ष आलेच नाही. व्यापाऱ्याची मुले बंगळूरला निघून गेली, समितीतले लोक थकले आणि स्पर्धा बंद पडली. परत करायला समितीच नाही, मग पट्टी कुठे आणि कुणासमोर ठोकणार? ती राहूनच गेली. माझ्यावरची शेवटची पट्टी मळमड्डीची आणि तिच्यापुढे रिकामी जागा. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या असतील-नसतील. कात्रण कुणी ठेवले नाही. गोकुळचे लोक म्हणत, कागद कशाला हवा, ढालच घरात आहे की.

मी घरात होते खरी, पण कशी? पहिली काही वर्षे भिंतीवर मधोमध. नंतर मधोमध कॅलेंडर आले आणि मी कोपऱ्यात गेले. पलीकडचे लेथ चालू झाले की भिंत थरथरे आणि मीही. लोखंडाचा बारीक भुगा माझ्या पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसला. चांदी काळवंडली. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कारखान्यातल्या हत्यारांबरोबर माझीही पूजा होई. त्या दिवशी मालती चिंच घेऊन येई आणि माझे पितळ घासी. तिच्या घरी काय कमी वैताग होता? कपाटे फोटोंनी भरली होती. लुगडी पेटीत आणि फोटो कपाटात, असा तिचा संसार.

"तुझी नि माझी सवत एकच गं बाई," ती मला घासता घासता म्हणायची. "लग्नातलं माझं चार फोटो हाईत. आणि ह्या हरलेल्यांचं बघ, ढीगच्या ढीग." या जगात माझे दुःख कळणारी ती एकटीच होती.

मध्यंतरी क्लबाचा सेक्रेटरी बदलला. किरण नावाचा तरुण, तारिहाळच्या एका कारखान्यात इंजिनीअर. त्याचा बाप पायऱ्यांवरचा जुना गडी. आता तो राहिला नाही. किरण एकदा दत्तूअण्णाकडे गेला, त्याने ती कपाटे उघडली आणि हरखूनच गेला. त्या ढिगात त्याला बाप सापडला, तरुण, मिशी नुकती फुटलेली, हातात गिरमिट. किरणने ठरवले, की क्लबाच्या समर्थकांचा इतिहास भिंतीवर लावायचा. एकेक स्पर्धा घेऊन, सालवार, ओळीने. त्यासाठी भिंत रिकामी हवी होती. मला खाली काढले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात, चेंडूंचा पंप आणि फाटक्या जाळीशेजारी ठेवले.

तिथून मी रोज पाहत आले आहे. माणसे येतात, भिंतीपुढे उभी राहतात, काचेवर बोट ठेवतात. "हौद," कुणी कानडीत होय म्हणतो, "हाच आमचा अप्पा." "ही बघ, अक्का माझी. तेव्हा बाया कुठं यायच्या मॅचला, पण ही यायचीच." कुणी हसतो, कुणी तिथेच खाली बसतो. आलेल्याचे वय झालेले असते, फोटोतला तसाच्या तसा असतो. मित्रांनो, तुम्हीच सांगा. त्या भिंतीवर एकही विजय नाही. सगळे पडेल, रडवेले चेहरे. जिंकून आणलेली मी, आणि कौतुक हरलेल्यांचे! मी इतकी जळत होते, की भिंत कोसळली तरी मला चालले असते.

अशात एके दिवशी धारवाडहून येणाऱ्या चिगरी बसमधून उतरून, काठी टेकत, प्रभंजनमास्तर आले.

किती थकले होते ते! पण खिशातला रुमाल तसाच घडी घातलेला. दत्तूअण्णा आणि मालती त्या दिवशी खोलीतच होती. किरण फोटो सरळ करत होता. मास्तरांनी पाणी घेतले आणि सरळ विषयालाच हात घातला. मळमड्डी क्लबाचा अमृतमहोत्सव आहे आणि ढाल आता कायमची मळमड्डीला हवी.

"स्पर्धा बंद पडली तर शेवटच्या विजेत्यानं ढाल ठेवायची, असा नियम होता," ते म्हणाले. "शेवटचे विजेते आम्ही. तुमच्याकडे ती सांभाळायला राहिली असेल, त्याबद्दल आभार."

"काय बोलालाय मास्तर?" दत्तूअण्णा उठून उभा राहिला. "आम्ही जिंकलोय ती. तुमालाच हरवून."

"दत्तू, मला आठवतंय. मी स्वतः उचलली होती ही. आण रे ती किरण, बघू दे पट्टी."

किरणने मला बाहेर काढून टेबलावर ठेवले. मास्तरांनी वाफ सोडली, रुमालाने शेवटची पट्टी पुसली आणि बोट ठेवले. तिच्यावर मळमड्डीचे नाव. पुढे काही नाही. पट्टी वर्षभराने ठोकायची, हा जुना नेम आता माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात नव्हता.

मास्तर खोटे बोलत नव्हते, हे मी शपथेवर सांगते. आदल्या वर्षी त्यांनी मला उचलले होतेच. म्हातारपणी दोन वर्षे एकात एक मिसळली होती, इतकेच. आणि खरे सांगू? तो ओळखीचा रुमाल अंगावरून फिरला तेव्हा माझे मन चळले. मळमड्डीला तिपाई मिळेल, भरतकाम मिळेल, पाहुणे येतील. इथे माझे कोण आहे?

किरणने डोके खाजवले. "अण्णा, काहीतरी पुरावा? त्या दिवशीचा एखादा फोटो?"

"न्हाई," दत्तूअण्णा म्हणाला.

"एवढे हजार फोटो काढलात तुम्ही," किरण म्हणाला. "आणि जिंकलो त्या दिवशी एक नाही? एकच काढला असता तर आज ही वेळ आली असती का?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "देऊन टाकू या अण्णा. भांडण कशाला? एवीतेवी तिच्याकडं बघतं कोण? लोक येतात ते फोटो बघायलाच."

हे ऐकून मला जितके लागले, त्याहून जास्त दत्तूअण्णाला लागले. तो खुर्चीत बसला. "माझ्यामुळंच गेली," तो पुटपुटला. "उभ्या जन्मात एकदा जिंकलो, आणि ते माझ्या खुळापायी कुणाला दाखवता येईना." मालती त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. आणि मित्रांनो, इतकी वर्षे ज्याचा मी राग राग केला, त्याच्याकडे पाहून मला एकदम कळले, की मला कुठेही जायचे नाही. तिपाई नको, रुमाल नको. मला इथेच राहायचे होते.

तेवढ्यात मालती बोलली. "मास्तर, घेऊन जायचीच आहे तर जा. पण आलाय तर भिंत तरी बघून जावा. तुमीबी हाईत की त्यात. कडेला, दात काढून."

मास्तर हसले. "अजून आहेत ते फोटो?" ते काठी टेकत भिंतीशी गेले. माझ्या स्पर्धेचे फोटो एका ओळीत होते, वर्षामागून वर्ष. मास्तर एकेकापुढे थांबत चालले. "हा मी. हाही मी. अरे, काय केस होते माझे! ह्या वर्षी तुम्हांला बेळगावनं हरवलं, म्हणून मी नाही. ह्या वर्षी पुन्हा आम्ही, हा बघ मी." हसत हसत ते ओळीच्या टोकाला पोचले. तिथे आदल्या वर्षीचा फोटो होता आणि त्यापुढे नुसती भिंत.

"शेवटच्या वर्षीचा कुठाय?" त्यांनी विचारले.

"नाही तो," किरण म्हणाला. "मी सगळी कपाटं शोधली."

"असं कसं होईल? हरल्यावर दत्तू फोटो काढल्याशिवाय सोडायचा नाही कुणाला. आणि आम्ही हरवलं असतं तर मी त्यात घुसल्याशिवाय राहिलो नसतो. अंतिम सामना होता तो, मी..." मास्तर बोलता बोलता थांबले.

त्यांनी त्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवले.

"मी गेलो होतो पायऱ्यांकडे," ते हळू आवाजात म्हणाले. "सवयीनं. हरलोय हे डोक्यात शिरलंच नव्हतं माझ्या. तिथं फोटोला कुणी बसलेलं नव्हतं. सगळे नाचत होते. आणि दत्तू, तू कॅमेऱ्याला टोपी घालत होतास."

दत्तूअण्णाने मान डोलावली.

"यप्पा," मास्तर म्हणाले आणि बाकावर बसले. "इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो, की आम्ही जिंकलो. महोत्सवाच्या पत्रिकेतसुद्धा छापलं." मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, पण माझ्यासाठी नव्हे, स्वतःचे डोळे पुसायला. जरा वेळाने म्हणाले, "आण ती ढाल इकडे. माझ्या मांडीवर ठेव. दत्तू, ऊठ. काढ फोटो."

"कशाला मास्तर?"

"हरलोय मी आज. हरलेल्याचा फोटो काढायचा तुमचा रिवाज आहे ना?"

किरणने आपला मोबाईल दत्तूअण्णाच्या हातात दिला. मालतीने मला पदराने पुसले आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवले. दत्तूअण्णा समोर उभा राहिला. फोटो हलू नये म्हणून किरणने त्याचे कोपर धरले. जन्मभर मी ज्यांची वाट पाहिली ते डोळे पहिल्यांदा थेट माझ्यावर आले. मी काय करू शकत होते? जमेल तेवढी चमकले.

पुढे मास्तरांच्याच आग्रहावरून किरणने पट्टी करून घेतली. तारिहाळच्या मशीनवर कापलेली ती पट्टी इतकी चकचकते, की जुन्या पट्ट्यांमध्ये ती नव्या दातासारखी दिसते. मास्तरांनी स्वतःच्या हाताने ती ठोकली. मला कपाटाच्या वरच्या कप्प्यात बसवले. आणि तो फोटो ओळीच्या शेवटी, भिंतीवर लागला.

आता सगळे सुरळीत झाले, असे तुम्हांला वाटेल. तसे ते झालेही आहे. पण परवाच एका कुटुंबातली माणसे आली होती. त्यांनी ओळ पाहिली, शेवटच्या फोटोपुढे थांबली, म्हाताऱ्या मास्तरांच्या मांडीवरच्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अय्या, किती सुंदर ढाल!" मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढला आणि कपाटावरून तशीच निघून गेली. मी तीन हातांवर होते. आता मी माझ्याच फोटोवर जळते.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी विनवते. तुमच्या आवडत्या वस्तूंचे, माणसांचे फोटो जरूर काढा. जिंकल्याचे काढा, हरल्याचे तर काढाच. ते नसते तर मी आज या घरात नसते, हे माझ्यासारख्या जळकीलाही कबूल आहे. पण फोटो काढून झाला, की मोबाईल खिशात घाला आणि समोर जे आहे त्याच्याकडे एकदा नुसते बघा. दत्तूअण्णा हल्ली रोज येतो, खुर्ची भिंतीकडे पाठ करून लावतो आणि माझ्यासमोर बसतो. त्याला आता नीट दिसत नाही. तो हात लावून बघतो.